रिकामा रकाना

"मुलं किती झाली?"

"तीन. म्हणजे... तशी चार."

"तशी म्हणजे गं?"

दारातल्या बाईनं हातातलं फडकं पिळायला घेतलं. फडकं ठणठणीत कोरडं होतं, तरी ती पिळत राहिली.

"राहू दे, राहू दे. त्यावाचून काही अडलं नाही. पुढचं सांग, पाणी कुठून आणता?"

"खाणीच्या टाकीवरून. पण ताई, ते..."

"टाकीवरून. लिहिलं. आणि लांब पडतं का?"

बाई मग पाण्याचं सांगायला लागली. टाकीचं झाकण मोडलंय, वर दगडाची भुकटी तरंगते, नंबरावरून भांडणं होतात. भिंगरीनं सगळं लिहून घेतलं. एकतिसाव्या प्रश्नापुढचा रकाना तेवढा पांढराच राहिला.

एकतिसावा प्रश्न असा होता: झालेल्या मुलांपैकी आज हयात नसलेली किती? ज्यानं तो बनवला त्यानं खुर्चीत बसून बनवला असणार. परक्या दारात उभं राहून तो विचारताना जीभ कशी टाळूला चिकटते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. भिंगरीनं आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. समोरचीचा चेहरा हलला नाही तर विचारायचं, शून्य लिहायचं आणि पुढं सरकायचं. चेहरा हलला की विचारायचंच नाही. रकाना मोकळा सोडायचा. तिच्या हिशेबी तो मोकळा रकानाही काही सांगत होता: इथं काहीतरी आहे, उगाच खाजवू नका.

तिचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कुणाच्या तोंडात कधी आलं नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून एका जुन्या साहेबानं तिला भिंगरी म्हटलं. तो साहेब बदलून गेला, नाव मागं राहिलं. काम सर्व्हेचं. घरोघर जायचं आणि विचारायचं: छप्पर कशाचं, शेळ्या किती, सायकली किती, आजारी कोण पडलं, कुठं नेलं. लोक सर्व्हेवाल्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावतात, पण हिला आत घ्यायचे. ती आधी चपला काढायची आणि मग कागद काढायची, त्याचा गुण असेल. इतक्या वर्षांत तिला दोनदा कुत्रं चावलं आणि एकदा म्हशीनं ढकललं. माणसानं मात्र कधी हाकललं नाही.

तिला स्वतःला एक पोरगी झाली होती. नुकती भिंत धरून चालायला लागलेली. भिंगरी लांबच्या फेरीवर असताना पोरीला ताप चढला, आणि ती परत आली तेव्हा घरात शेजारणी बसलेल्या होत्या. झालं ते एवढंच. याहून जास्त तिनं कुणाला सांगितलं नाही. सुट्टी संपवून पुन्हा फेरीवर निघाली तर कागदात एकतिसावा प्रश्न होताच. तो आधीही होता. आधी तिनं तो कितीक दारांत विचारला होता, सायकली किती विचारावं तसा.

घरात त्या पोरीचा विषय निघत नसे. नवरा सायकली दुरुस्त करायचा. पंक्चरच्या पलीकडं बोलायचं झालं तर त्याला घाम फुटायचा. पुढं मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीसाठी लांब गेला. त्यालाही आपल्याला एक बहीण होती हे कुणी कधी जवळ बसवून सांगितलं नाही.

तर ती खाणवस्तीची फेरी तिची शेवटची ठरणार असं दिसत होतं. गुडघे कुरकुरत होतेच. वस्तीचा चढ उतरताना उजवा गुडघा असा काही अडला की दगडफोड्यांच्या ट्रॅक्टरवर दगडांसोबत बसून तिला खाली यावं लागलं. साहेबानं तिला बोलावलं. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हे. पण समोर कागद आला की त्याला माणूस दिसायचा नाही, चष्मा तेवढ्यापुरताच होता.

"बाई, आता पुरे तुमची पायपीट. खुर्चीवर बसा. वरच्या ऑफिसातून एक मुलगी येतेय शिकवायला. सॉफ्टवेअर शिका. गोळा तर तुम्हीच केलंय, आता त्यातून काय निघतं तेही तुम्हीच काढा."

"साहेब, मला कॉम्प्युटर चालू करता येतो. बंद कुणीतरी दुसरं करतं."

"येईल, येईल."

शिकवायला आलेली मुलगी भिंगरीच्या मुलाच्या वयाची. केस कापलेले, बोलणं भराभरा, पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलेलं. तिला सगळे मास्तरीण म्हणायला लागले आणि तीही ओ द्यायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं पडद्यावर आकड्यांचं शेत उघडलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"हे बघा मावशी. एक आडवी ओळ म्हणजे एक घर. एक उभा रकाना म्हणजे एक प्रश्न. बस, एवढंच आहे."

"म्हणजे मी इतकी वर्षं उन्हातान्हात चालले ती ह्या आडव्या ओळीवरून त्या आडव्या ओळीवर?"

"असं म्हणा."

भिंगरी चष्मा पुसून पुढं वाकली. कागदावरून टायपिस्टनं चढवलेले तिचेच आकडे. बोट लावून लावून ती एका ओळीवर थांबली. "ही बघ, पत्र्याच्या दाराची. आठ माणसं, दोन खोल्या, शेळी एक. ह्यांचं कुत्रं चावरं."

"मावशी, डेटात कुत्रं नसतं."

"नसतं कसं? मला चावलं ना."

मास्तरीण खळखळून हसली. दोघींचं जमलं ते तिथून.

जमलं तरी शिकणं सोपं नव्हतं. या सॉफ्टवेअरला हुकूम लिहून द्यावा लागे, एकेका ओळीत, आणि ते मोठं नकचढं होतं. स्वल्पविराम राहिला की लाल अक्षरं. जागा जास्त सुटली की लाल अक्षरं. रकान्याचं नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं की लाल अक्षरं, तीही इंग्रजीत. भिंगरीला वाटायचं, हे यंत्र आपल्याला सगळ्यांदेखत फाडफाड बोलतंय. ती पदार्थ करपल्यासारखी इकडंतिकडं बघायची. मग मास्तरीण खुर्ची ओढून यायची, बोटानं चूक दाखवायची आणि न बोलता परत जायची. हळूहळू भिंगरीला मोजणी जमली. किती घरांत नळ, किती घरांत नाही. मग वस्तीप्रमाणे वेगळं करून मोजणं जमलं. पहिलं टेबल नीट उमटलं त्या दिवशी तिनं ते छापून घेतलं आणि घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं. त्यानं हात पुसले, कागद कडेनं धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "रेघा सरळ आहेत."

एक गोष्ट मात्र तिला पहिल्यापासून खटकत होती. आकड्यांच्या शेतात मध्येच बारकी काळी टिंबं दिसायची.

"हे काय गं, माशी बसल्यागत?"

"तिथं काही लिहिलेलं नाही, मावशी. मिसिंग. उत्तर माहीत नाही."

"माहीत कसं नाही? ह्या घरात शेळ्याच नाहीत. नसेल तिथं आम्ही लिहीत नाही. सगळेच लिहीत नाहीत. कागद भरताना शेळ्या, गाढवं, सायकली, रेडिओ, सगळ्यांपुढं शून्य शून्य काढत बसलं तर दिवस मावळेल."

"असं होय? मग शेळ्यांच्या रकान्यात टिंब म्हणजे शून्यच. तसं त्याला सांगावं लागेल. जिथं टिंब तिथं शून्य, असा हुकूम द्या." तिनं एका ओळीत तो लिहून दाखवला. भिंगरीनं तो उतरून घेतला. शेळ्यांच्या रकान्यातल्या माश्या एका झटक्यात उडाल्या.

भिंगरीला ह्यात भारी गोडी वाटली. स्वच्छतेची सवय हाडातली. ओटा पुसल्यावर एक डागही राहिलेला तिला खपत नसे. मास्तरीण दोन दिवस आपल्या गावी गेली होती, तेव्हा साहेबानं सगळ्या वस्त्यांचं टेबल मागितलं. वर पाठवायचं होतं, घाई होती. "आणि ती टिंबं नकोत हं बाई. भरलेलं दिसलं पाहिजे."

भिंगरी बसली. रकाने पुष्कळ. एकेकाला वेगळा हुकूम द्यायचा तर संध्याकाळ होणार. मास्तरिणीनं जाता जाता दाखवलं होतं की पहिल्या रकान्याचं नाव आणि शेवटच्याचं नाव देऊन मधले सगळे एकदम धरता येतात. तिनं लिहिलं: शेळ्यांपासून शेवटपर्यंत, जिथं टिंब तिथं शून्य. बोट उचललं, श्वास धरला आणि बटण दाबलं.

लाल काही आलं नाही. एक अक्षरही नाही. पहिल्या दमात निघालेला हा तिचा पहिला हुकूम. आकड्यांचं शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख झालं. तिनं टेबल काढलं, साहेबाला दिलं, आणि त्या दिवशी घरी जाताना गुडघा दुखत असूनही ती एक स्टॉप आधी उतरून चालत गेली.

मास्तरीण परत आली तेव्हा टेबल वर जाऊन पोचलंही होतं. "लाल नाही ना आलं? मग झालं तर," म्हणाली आणि पुढचा धडा काढला.

ऑफिससमोर चहाची टपरी होती. तिथं तालुक्याच्या दवाखान्याची फिरती गाडी चालवणारा ड्रायव्हर यायचा. ही गाडी आठवड्यातून एकदा खाणवस्तीवर जायची. आत नर्स, लशी, खोकल्याचं औषध, वजनाचा काटा. एका सकाळी भिंगरी टपरीवर उभी होती, तर ड्रायव्हर कपात फुंकर मारत म्हणाला, "तुमचे उपकार झाले बुवा."

"कसले रे?"

"खाणीची फेरी बंद होतेय. तो चढ म्हणजे माझ्या टायरांचा काळ होता. वरून कागद येतोय. तुमच्याच ऑफिसनं सांगितलं म्हणे, खाणीकडं पोरं मरतच नाहीत. एक पण नाही. मग गाडी तिकडं कशाला? दुसरीकडं वळवा."

"कोण म्हणालं एक पण नाही?"

"मला काय ठाऊक? तुमचं टेबल म्हणालं."

भिंगरीनं अर्धा कप तसाच ठेवला. जिना चढताना कठड्याला धरायचं तिला आठवलं नाही. कॉम्प्युटर चालू झाला, टेबल उघडलं. बाकीच्या वस्त्यांपुढं आकडे होते, कुठं लहान, कुठं मोठे. ते दुसऱ्या लोकांनी विचारून आणलेले. खाणवस्तीपुढं शून्य होतं. गोल, स्वच्छ, पुसलेल्या ओट्यासारखं.

खाणवस्तीची सगळी घरं तिचीच होती. तिथल्या एकतिसाव्या रकान्यात तिनं दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, शून्य आणि मोकळी जागा. आणि मोकळी जागा तिनं वाटेल तिथं सोडली नव्हती. जिथं चेहरा हलला तिथंच सोडली होती. म्हणजे त्या वस्तीत जितकी गेली होती, तितकी सगळी त्या टिंबांमध्ये होती, आणि ती टिंबं तिनं एका बोटानं पुसली होती.

तिनं टेबल तसंच उघडं ठेवलं. मग मास्तरिणीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. न रडता सांगितलं, हिशेब चुकला की सांगावं तसं. आपल्या पोरीचं सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "मला तो प्रश्न विचारवत नाही."

मास्तरिणीच्या तोंडातलं टोपण खाली आलं. "मावशी, मी बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही."

"तू कशाला वाटून घेतेस? वाटायला ही काय भाकरी आहे?"

मूळ फाईल तशीच होती. मूळ फाईलला हात लावायचा नाही, नक्कल करून तिच्यावर काम करायचं, हे मास्तरिणीनं पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. फाईल उघडली. माश्या जागच्या जागी बसलेल्या होत्या. भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदा त्या बघून बरं वाटलं. तिनं शेळ्यांचा हुकूम शेळ्यांपुरता दिला, सायकलींचा सायकलींपुरता. एकतिसाव्याला हात लावला नाही. नवं टेबल छापलं. खाणवस्तीपुढं आता शून्य नव्हतं. 'माहिती नाही' असं होतं.

साहेबानं टेबल बघितलं, भिंगरीकडं बघितलं, पुन्हा टेबल बघितलं.

"हे घेऊन मी वर काय सांगू? माहिती नाही म्हणजे काही नाही. तिकडं लोक आकडा मागतात. शून्य हा आकडा आहे, बाई. टिंब आकडा नाही."

"शून्य खोटं आहे, साहेब."

"मग खरं काय आहे?"

ह्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. असायला हवं होतं. ते आणणं हेच तर तिचं काम होतं, आणि ती दारापर्यंत जाऊन मागं फिरली होती.

"आठवड्याभरात वर बैठक आहे," साहेब जरा नरमून म्हणाला. "तोवर आणता आलं तर आणा. नव्या पोरांना पाठवू का?"

"नको. ती दारातच राहतील. मला आत घेतात."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं की पुन्हा खाणीवर जायचंय. तो चाक फिरवून बघत होता, कुठं लचकतंय ते. त्यानं ते हातानं थांबवलं.

"एकतीस नंबर का?"

ती चमकली. तिनं त्याला तो आकडा कधी सांगितला नव्हता. कागद घरी आणायची, टेबलावर ठेवायची. त्यानं कधीतरी वाचला असणार आणि पोटात ठेवला असणार.

"हो."

"जा. गुडघ्याला पट्टा बांध."

सकाळी खाणीचा भोंगा झाला, सुरुंग उडाला, धूळ खाली बसली आणि मग ती वस्तीत शिरली. पत्रे, दोऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर पांढरट थर. पहिलं घर ती टाळणार होती, पण फडकंवाली बाई दारातच बसली होती, पोरांच्या अंगावरची भुकटी पुसत.

"परत आलात? टाकीच्या झाकणाचं काही झालं का?"

"नाही गं. झाकणाचं अजून नाही. माझंच एक विचारायचं राहिलंय."

"मुलांचं ना?"

भिंगरीनं मान हलवली. आणि तिथंच, उभ्या उभ्या, वहाण अर्धी पायात अर्धी बाहेर, तिनं विचारलं. शब्द न बदलता, जसा छापलाय तसा. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"एक," बाई म्हणाली. "मागच्या खेपेला मी सांगत होते, तर तुम्ही पाण्यावर गेलात."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"त्रास तर होतोच. तुम्ही विचारा, न विचारा. पण मी नवऱ्याला म्हटलं, सर्व्हेवाल्या ताईंनी चारातला एक खोडला. कागदात बहुतेक जित्यांचंच मांडत असतील. मी म्हटलं, बरोबर आहे, मेलेल्याला कोण कशाला मोजेल?" ती सहज बोलत होती, राग नव्हता, आणि म्हणूनच भिंगरीला ते जास्त लागलं. "कुणी विचारतच नाही हो. शेजारच्या बायका विषय काढत नाहीत, मी रडेन म्हणून. सासू काढत नाही, नवरा काढत नाही. जणू मला तीनच झाली."

मग ती सांगत राहिली. मुलगा होता. खोकला झाला, छाती वाजायला लागली. गाडीचा दिवस तीन दिवसांवर होता. खाली न्यायला ट्रॅक्टर मिळेतो उशीर झाला. मग एकदम म्हणाली, "त्याला सदरा उलटा घालायची खोड होती. शिवण वर. सरळ घातला की ओरडायचा. हे लिहायचंय का?"

"नाही. ह्याला रकाना नाही."

"मग नुसतं ऐका."

भिंगरी खाली बसली, दुखरा गुडघा लांब करून, आणि ऐकलं. पांढऱ्या रकान्यात तिनं एक लिहिला होता. पेन तेवढं हातात होतं, त्याचं काही काम उरलं नव्हतं.

उठताना बाईनं विचारलं, "तुम्हाला किती, ताई?"

"मला मुलगा आहे," भिंगरी म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

सगळीकडं असं झालं नाही. एका घरातल्या बाईनं प्रश्न ऐकून दार लावून घेतलं आणि आतून शिव्या दिल्या, भिंगरीच्या सात पिढ्यांना पुरतील अशा. भिंगरीनं त्या उभ्यानं ऐकून घेतल्या. त्या तिला वावग्या वाटल्या नाहीत. एक म्हातारी आपली गेलेली आणि लेकीची गेलेली एकत्र मोजायला लागली, मग दोघींनी मिळून बोटांवर वेगळी केली. एकीनं सांगितलं आणि लगेच विचारलं, ह्यानं काय होणार? भिंगरी म्हणाली, गाडी बंद व्हायची राहील कदाचित. कदाचित, असं दोनदा म्हणाली. आणि काही दारांना कुलपं होती. खाणकामाची माणसं, दगड संपला की दुसऱ्या डोंगराला जातात. कुठल्या, ते शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्या कुलपांसमोर ती जास्त वेळ थांबली. त्या दारांत तिनं मागच्या खेपेला चेहरे हललेले बघितले होते. कुणाचे, हेही तिला आठवत होतं. पण चेहऱ्याचा आकडा होत नाही.

ऑफिसात येऊन तिनं एकेक ओळ उघडून आकडे घातले. कुलपांच्या ओळींशी आली आणि मास्तरिणीला म्हणाली, "इथं टिंबच ठेवू?"

"टिंबाचा एक वेगळा कोड करता येतो. 'विचारलं नाही' असा. म्हणजे पुढं कुणी त्याला शून्य करणार नाही. कारण काय ते त्याला कळेल."

"करून दे. नाही, थांब. मला सांग, मी करते."

ओळ लिहिली. लाल आलं. स्वल्पविराम राहिला होता. पुन्हा लिहिली.

साहेबानं नवं टेबल हातात घेतलं आणि खुर्ची मागं सरकवली. खाणवस्तीचा आकडा सगळ्या वस्त्यांत वरचा होता, आणि खाली बारीक अक्षरांत कुलपांची टीप.

"एवढी? मग हे आधी का नाही आलं?"

"मी विचारलं नव्हतं."

तो चिडला. चिडणं बरोबरच होतं. चार गोष्टी बोलला, त्यातल्या तीन भिंगरीनं आधीच स्वतःला ऐकवल्या होत्या. मग चष्मा वर ढकलून टेबल घेऊन वर गेला. गाडी बंद करायचा कागद थांबला. थांबला म्हणजे फाटला नाही, कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला, पुढच्या बैठकीपर्यंत. मधले दोन आठवडे गाडी गेलीच नाही, कारण दुसऱ्या फेरीला जुंपून झाली होती. त्या दोन आठवड्यांत वस्तीत काय झालं, ते ह्या सर्व्हेत येणार नव्हतं. ड्रायव्हर टपरीवर भेटला. "घ्या, माझे टायर पुन्हा झिजवायला तुम्ही मोकळ्या," म्हणाला. पण चहाचे पैसे तिला देऊ दिले नाहीत.

मास्तरीण आपल्या ऑफिसला परत गेली. जाताना पेनाचं नवंकोरं टोपण भिंगरीच्या टेबलावर ठेवून गेली, चावायला म्हणून. भिंगरीनं मग एक काम कुणी न सांगता केलं. जुन्या फेऱ्यांच्या फायली उघडल्या, आपण भरलेल्या ओळी वेगळ्या काढल्या आणि एकतिसाव्या रकान्यातली टिंबं वस्तीप्रमाणे मोजली. आता तिला ते येत होतं. टेबल लांबलचक झालं. इतक्या दारांतून आपण मागं फिरलो, हे तिला एका पानावर दिसलं. त्यातली कितीतरी घरं आता नसणार. जी असतील ती असतील. तिनं साहेबाला सांगितलं, निम्मा आठवडा खुर्चीवर बसेन, निम्मा फिरेन. साहेब गुडघ्याचं काही बोलला. ती म्हणाली, पट्टा आहे.

असंच एक दार, एका बोळाच्या टोकाचं. बाई तिच्याच वयाची, समोर शिवणयंत्र, तोंडात दोरा. भिंगरीनं चपला काढल्या, मग कागद काढला. छप्पर, चूल, शेळ्या. पुढं एकतीस. तिनं कागदावरून नजर वर उचलली आणि विचारलं.

यंत्र थांबलं. बाईनं दोरा तोंडातून काढला.

"दोन. जुळी. तुम्हाला कशाला हवंय?"

"मोजायला."

"हं." बाईनं दोरा बोटाला गुंडाळला. "आणि तुमची?"

"दोन झाली," भिंगरी म्हणाली. "एक आहे. एक गेली."

"मुलगी होती?"

"हो. भिंत धरून चालायची. हात सोडला की बसायची आणि माझ्याकडं बघून रागवायची, जणू मीच ढकललं."

बाईनं मान हलवली. यंत्राच्या चाकावर तिचा हात नुसताच पडून राहिला. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

भिंगरीनं रकान्यात दोन लिहिले, नीट, चौकटीच्या आत. पान उलटलं.

"पुढचं सांगा. पाणी कुठून आणता?"